नव्या व्हर्जनमधली झांज

सन २०२३. मला एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. दात निम्मे गेलते, गुडघा जिना चढताना बोलायचा, पण कान शाबूत होता. निदान माझं मत तसं होतं, आणि माझं मत एकदा झालं की सहसा बदलत नाही.

कानाचा अभिमान मी उगीच बाळगत नाही. चौथीत शाळा सोडली. त्यानंतर जे काही शिकलो ते शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, आणि तिथं माझं काम ऐकायचं होतं. ओतून गार झालेला ब्रेक ड्रम साखळीला टांगायचा, हातोडीनं एकच टोला द्यायचा आणि गप उभं राहायचं. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो आणि वाजतच राहतो. आत कुठं तडा असला तर आवाज बद्द येतो आणि लगेच बसतो. तडा डोळ्यांना दिसत नाही. ट्रकच्या चाकात बसल्यावर मात्र तो दिसतो, तोही घाटात, उतारावर. म्हणून हे काम मी कधी हलकं मानलं नाही. रिटायर झाल्यावरसुद्धा एका लहान फौंड्रीचा मालक मला आठवड्यातून एकदा बोलावतो. त्याच्याकडं आता तपासायची मशीन आहे, पण माल गाडीत चढायच्या आधी एकदा माझ्या हातोडीखालून जावा असं त्याला वाटतं. मला तर वाटतंच.

दुसरं कान लागतो असं काम म्हणजे झांज. उचगावात आमचं भजनी मंडळ होतं. मी त्यात तरुणपणापासून झांज वाजवली. मंडळातली निम्मी माणसं आता राहिली नाहीत. पण एका सप्ताहात कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून आमचं भजन भरून घेतलं होतं. ती कॅसेट मी जपली आणि पुढं मुलानं दुकानातून ती कॉम्प्युटरवर घालून आणली. रोज संध्याकाळी मी ते भजन लावतो. बोटानं तीन कोनांचं चित्र दाबलं की वाजतं, एवढं मला मुलानं शिकवलं होतं. पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचायच्या आणि आत माझी झांज वाजायची. चौथ्या कडव्याला बुवा आवाज चढवतात, तिथं मी झांजेला एक लांब टोला दिलाय. तो टोला मला माझ्या सहीसारखा ओळखू येतो.

एका रविवारी मुलगा कॉम्प्युटर घेऊन बसला. तो कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. घरातलं यंत्र तो महिन्या-दोन महिन्यांनी झाडून पुसून ठेवतो, आपण सायकल ठेवतो तसं.

"आबा, गाणी वाजवायचं नवं व्हर्जन टाकलंय," तो म्हणाला. "जुनं लई जुनं झालतं."

"जुन्याला काय झालतं?"

"काय न्हाय. पण नवं आलंय न्हवं."

त्याच दिवशी सुनेनं सोपा, म्हणजे घराची पुढची खोली, झाडायला काढला. खिडकीचं ऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडतं म्हणून तिनं टेबल एका भिंतीकडून उचलून समोरच्या भिंतीला नेलं, स्पीकरच्या दोन्ही डब्यांसकट. माझी खुर्ची तेवढी हलवायची नाही हे तिला ठाऊक आहे. ती दाराकडं तोंड करून असते. कोण आलं, कोण गेलं, हे मला बसल्या जागी दिसलं पाहिजे.

संध्याकाळी भजन लावलं. हिरव्या पट्ट्या गेल्या होत्या, सगळं पांढरं स्वच्छ झालं होतं, दवाखान्यासारखं. बुवांचा आवाज आला. मृदंग आला. चौथं कडवं आलं आणि झांज आलीच नाही. म्हणजे कुणीतरी पत्र्यावर पत्रा ठेवावा तसं काहीतरी वाजलं, पण नंतरची जी थरथर हवेत राहते ती नव्हती. परत लावलं. परत तसंच.

"तुझ्या नव्या व्हर्जननं झांज खाल्ली," मी मुलाला म्हणालो.

त्यानं उभ्या उभ्या ऐकलं. "वाजतीय की, आबा."

"वाजतीय, पण गात न्हाय."

तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

पुढचे काही रविवार मी त्याला सोडलं नाही. त्याला म्हटलं, जुनं परत आण. त्यानं कुठून तरी जुनं आणलं. हिरव्या पट्ट्या परत नाचायला लागल्या, पण झांज काही उठली नाही. मी म्हटलं, हे आपलं जुनं नव्हे, त्याच्या अलीकडचं असंल. मग त्यानं त्याच्याही आधीचं आणलं. त्यात आवाज पाण्यात बुडवल्यासारखा वाटला. त्याच्या आधीचं आणलं, त्यात मृदंग जाड झाला आणि झांज तशीच बद्द. प्रत्येक व्हर्जनला मी ड्रमसारखा एक टोला द्यायचो, म्हणजे चौथं कडवं लावायचो, आणि निकाल सांगायचो: पास, नापास. सगळी नापास. त्यातलं एक तेवढं मला बरं वाटलं. त्या वेळी सुनेनं चहा आणून दिला होता आणि मी कपबशी घ्यायला मागं वळलो होतो. झांज क्षणभर उठली. "हे जरा बरं हाय," मी म्हटलं. पुन्हा नीट बसून ऐकलं तर तेही नापास.

माझा भजनातला सोबती, मृदंग वाजवणारा, शेजारच्या गल्लीत राहतो. त्याला बोलावलं. तो भजन ऐकून म्हणाला, "व्हय की मर्दा, गेली झांज." मला बरं वाटलं. नंतर तो स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, मला काय कळलं न्हाय, पण त्याच्या तोंडाकडं बघून व्हय म्हटलं." हे मला तिनं सांगितलं. त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

खरं भांडण पुढंच होतं. एका संध्याकाळी जेवताना मुलगा म्हणाला, "आबा, रागावू नका. पण व्हर्जनमध्ये काय न्हाय. तुमाला ऐकायला कमी येतंय."

बायको वाढता वाढता थांबली. ती चाळीस वर्षं मला ओळखते.

"कुणाला कमी येतंय?"

"तुमाला. एकदा कान तपासून घेऊ. आणि तवर शिरोलीला जायचं बंद करा. एखादा तडा सुटला तर ट्रकवाल्याचं काय व्हायचं?"

त्यानं माझं नाव काढलं असतं तर चाललं असतं. ट्रकवाल्याचं काढलं. ते मला आतपर्यंत लागलं, कारण त्यात चूक काढायला जागा नव्हती. कान गेला असेल तर मी त्या साखळीपाशी उभं राहणं हे पापच होतं. पण कान गेलाच नव्हता. मग रागाच्या भरात मी जे बोलायचं ते बोललो.

"रविवारी लाव दोनी व्हर्जन. पडदा झाकून लाव. कुठलं जुनं, कुठलं नवं, मी सांगतो. न्हाय सांगता आलं तर त्या दिवसापासनं हातोडी बंद. शिरोलीला पाऊल टाकणार न्हाय."

"शब्द?"

"शब्द."

"अवो, कशाला असलं बोलता," बायको म्हणाली. पण ताटावरचा शब्द मी मागं घेत नाही हे तिला माहीत होतं.

रविवारी सोप्यात सगळी जमली. मुलानं आपलं पहिलं जुनं व्हर्जन, अगदी तेच, कुठल्यातरी जुन्या डबड्यातून शोधून काढलं होतं. दोन्ही व्हर्जनं शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींचा आवाज सारखा केला. आवाज जाडबारीक करायची जी बटणं असतात ती दोन्हीकडं बंद केली. मला हे मान्य होतं. तराजूत आधी काटा बघायचा असतो. बायकोनं पडद्यावर टॉवेल टाकला. मृदंगवाला दारात बसला, पंच म्हणून. सून खांबाला टेकून उभी राहिली. मी माझ्या खुर्चीत, दाराकडं तोंड करून, डोळे मिटून.

चौथं कडवं लागलं. झांज बद्द.

"नवं," मी म्हणालो.

मुलानं बटण दाबलं. परत लागलं. बद्द.

"हे पण नवंच."

परत. परत बद्द. "नवं. अरे, जुनं लाव की मधी एखादं! का सगळी नवीच लावतोस?"

दारातून मृदंगवाला खोकला. मी डोळे उघडले. मुलाचं तोंड उतरलं होतं. जिंकलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

"आबा, आता जे वाजलं ते जुनं होतं. पहिलं पण जुनंच. मधलं तेवढं नवं."

"खोटं."

"वहिनींनी बघितलंय," मृदंगवाला म्हणाला. "टॉवेलाखालनं त्या बघत होत्या."

बायकोनं होय म्हणून मान हलवली. माझ्याकडं बघितलं नाही.

"आबा, ही दोन्ही फाईल वाचतात आणि आतले आकडे पुढं ढकलतात. मी काल रात्री दोन्हीतून बाहेर पडलेले आकडे ताडून बघितले. एकाचाही फरक न्हाय. हे ओळखणं कुणालाच जमणार न्हाय."

"आकडे तू बघ. मी ऐकतो."

"तुमी ऐकलं की आत्ता!" त्याचा आवाज चढला. "शब्द दिलाय तुमी."

मी खुर्चीतून उठलो आणि पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघराकडं निघालो. मुलानं रागानं परत बटण दाबलं असावं, कारण मागं भजन सुरू झालं. मी सोप्याच्या मधोमध होतो. तोंड स्वयंपाकघराकडं. बुवांनी आवाज चढवला, आणि माझी झांज उठली. अशी उठली की मी जागीच थांबलो. तो लांब टोला, त्याच्यामागची ती थरथर, सगळं जसंच्या तसं.

"हे जुनं!" मी ओरडलो.

"नवं हाय, आबा," मुलगा म्हणाला. आवाज थकलेला होता.

मी दाराकडं तोंड केलं. झांज बद्द. स्वयंपाकघराकडं तोंड केलं. झांज गाते. परत दाराकडं. परत स्वयंपाकघराकडं. सगळी माझ्याकडं बघत होती. मृदंगवाल्याला वाटलं असेल की म्हातारा भजनात नाचायला लागला.

मग मी कुणाशी न बोलता आत गेलो. मांडणीवरून पितळेची परात उतरवली आणि एका हातात धरून डाव्या कानाजवळ नेली. पळीनं एक टोला दिला. परात गायली. बराच वेळ गात राहिली. मग ती उजव्या कानाजवळ नेली आणि तसाच टोला दिला.

बद्द. मारलं आणि बसलं.

परातीला तडा नव्हता. ती आमच्या लग्नातली आहे, तिला मी ओळखतो. परत दोन्हीकडं मारून बघितलं. आयुष्यभर मी लोखंड ठोकून बघितलं होतं, स्वतःला ठोकून बघायची वेळ पहिल्यांदाच आली. निकाल स्पष्ट होता. उजवा नापास.

सून दारात येऊन उभी होती. ती मला मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात.

"मामा," ती हळूच म्हणाली, "टेबल आधी तुमच्या डाव्या अंगाला होतं. मी त्या रविवारी उजवीकडं नेलं."

तिला सगळं कळलं होतं. मलाही. मी परात जागेवर ठेवली.

"बाहेर बोलू नको," मी म्हणालो.

"न्हाय बोलत."

सोप्यात येऊन मी मुलाला एवढंच म्हटलं, "उद्या सांगतो." मृदंगवाला चपला घालता घालता म्हणाला, "गड्या, पंचाला चहा तरी पाज." त्याला चहा दिला.

अंथरुणावर पडल्यावर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. उजवा कान कशानं गेला ते मला कळलं होतं. फौंड्रीत माझ्या उजव्या अंगाला ग्राइंडर होता. ओतलेल्या मालाच्या कडा त्यावर घासायचे, आणि तो दिवसभर किंचाळायचा. कानात बोळा घालायला सांगायचे, पण बोळा घातला तर ड्रम कसा ऐकणार, म्हणून मी कधी घातला नाही. ते ठीक होतं. जे मला कळत नव्हतं ते वेगळंच होतं. साखळीला टांगलेला ड्रम मी कुठल्या कानानं ऐकतो? डाव्या का उजव्या? इतकी वर्षं हेच केलं, आणि आठवायला गेलो तर आठवेना. भाकरी आपण कुठल्या दाढेनं चावतो हे कुणाला सांगता येतं का? डावा असेल तर काहीच झालेलं नाही. उजवा असेल तर मुलगा म्हणतो ते खरं, आणि मग हातोडीच काय, मला त्या फाटकातसुद्धा उभं राहायचा हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा जायचा वार नव्हता. तरी मी आंघोळ करून हातोडी पिशवीत घातली. ती परत आणायची का मालकाच्या हवाली करायची, हे ठरलेलं नव्हतं. कोपऱ्यावर वडापची जीप मिळाली, कामावर जाणाऱ्या पोरांनी दाटीवाटी करून मला जागा दिली, आणि मी शिरोलीत उतरलो.

मालक फाटकापाशीच भेटला. "आज कसं काय, पावणं?" तो चेष्टेनं म्हणाला.

"तपासायला आलोय."

"आज माल जायचा न्हाय की."

"माल न्हाय, मला तपासायला. तडा गेलेले ड्रम पडल्यात न्हवं भट्टीत घालायला? त्यातले थोडे चांगल्यात मिसळ. किती ते मला सांगू नको."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग माणसाला हाक मारून ड्रम मिसळायला लावले. तेवढा वेळ मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. पहिला ड्रम साखळीला चढला, तशी मी हातोडी काढली आणि मनाशी ठरवलं की काही ठरवायचं नाही. रोज उभा राहतो तसा जाऊन उभा राहिलो. टोला दिला.

आणि माझी मान आपोआप वळली. उजवा कान ग्राइंडरकडं, डावा ड्रमकडं. ग्राइंडर आता तिथं नाही, तो त्यांनी मागच्या शेडमध्ये नेला, पण मानेला ते ठाऊक नव्हतं. किंचाळण्याला उजवा कान देऊन डावा वाचवायची जी सवय तिला लागली होती ती तशीच होती. म्हणजे इतकी वर्षं ड्रम ऐकले ते डाव्यानंच. मी एक लांब श्वास सोडला. मालकाला तो ऐकू गेला.

सगळे ड्रम ठोकले. तडे गेलेले खडूनं खुणा करून बाजूला काढले. मालकानं मोजले आणि म्हणाला, "सगळे सापडले की."

"थांब," मी म्हटलं. खुणा केलेल्यातलाच एक परत टांगायला लावला. फिरून उजवा कान पुढं केला आणि ठोकला. तो बद्द होता का चांगला, मला सांगता येईना. जसं होतं तसं मी मालकाला सांगून टाकलं. "उजवा कान गेलाय. डावा चोख हाय. दर महिन्याला असंच मिसळून मला तपासायचं. ज्या दिवशी एक जरी सुटला, त्या दिवशी तूच मला गाडीत बसवून घरी धाड."

"आणि तुमी भांडणार न्हाय?"

"भांडीन. तरी धाड."

तो हसला आणि चहा सांगायला गेला. मी पायरीवर बसून मुलाला फोन लावला. तो ऑफिसात होता. त्याला सगळं सांगितलं, परातीपासून.

"मग शब्दाचं काय, आबा?" तो म्हणाला, पण आवाजात राग नव्हता.

"शब्द फरक ओळखायचा होता. फरकच न्हवता म्हणतोस न्हवं तूच? जे न्हाईच ते ओळखायचं कसं? ती पैजच खोटी."

"आबा!"

"कान तपासायला येतो तुझ्यासंगं. आणि ते नवं व्हर्जन राहू दे, त्यात काय वाईट न्हाय. टेबल तेवढं होतं तिथं ठेव."

"टेबल कशाला? खुर्ची फिरवू की."

"खुर्ची हलणार न्हाय," मी म्हटलं, फोन ठेवला, आणि चहा यायच्या आत तपासायच्या मशीनवरून उतरलेला एक नवा ड्रम साखळीला टांगून घेतला.